वुकाश पिश्चेक आणि राइट बॅकचं काम

११ ऑक्टोबर २०१४ची रात्र, वॉर्सा. पोलंड विरुद्ध जर्मनी. जर्मनीने तीनच महिन्यांपूर्वी विश्वचषक उचललेला, आणि पोलंडने आजवर जर्मनीला एकदाही हरवलेलं नाही. मध्यंतर होऊन पाच-सहा मिनिटं झाली असतील. उजवीकडून एक उंच क्रॉस, म्हणजे कडेवरून टाकलेला चेंडू, गोलसमोर आला. जर्मनीचा गोलरक्षक मॅन्युएल नॉयर जागा सोडून पुढे धावला, पण त्याच्या हातांच्या आधी आर्काडियुश मिलिकचं डोकं चेंडूला लागलं. गोल. शेवटाकडे सेबास्टियन मिलाने दुसरा केला आणि पोलंड २-० जिंकलं.

गोल मिलिकच्या नावावर लागला, आणि तो लागायलाच हवा. पण तो क्रॉस टाकणारा खेळाडू पोलंडचा राइट बॅक होता, म्हणजे बचावपटू. जगज्जेत्यांविरुद्ध ०-० अशी बरोबरी सुरू असताना बचावपटू आपला गोल सोडून इतक्या पुढे काय करत होता? वुकाश पिश्चेकची सगळी कारकीर्द म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ते समजून घेतलं की गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं फुटबॉल बरंचसं उलगडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ही जागा काय असते ते बघू. गोलरक्षकाच्या पुढे साधारण चार बचावपटू एका ओळीत उभे असतात. मधले दोघे सेंटर बॅक, कडेचे दोघे फुल बॅक. त्यातला उजवीकडचा तो राइट बॅक. पूर्वी त्याचं काम एका वाक्यात सांगता यायचं: समोरच्या संघाचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, आपल्या बाजूने आला की त्याला अडवायचं आणि चेंडू लांब मारून द्यायचा. आपल्याकडे मैदानावर संघ पाडतानाही हेच व्हायचं. ज्याला पासिंग जमतं तो मध्ये, ज्याला गोल मारता येतो तो पुढे, आणि उरलेल्याला ‘तू कडेला मागे थांब’. ही जागा उरलेल्याची, असाच समज होता.

मग खेळ बदलला. गोलसमोरची मधली पट्टी गच्च भरायला लागली. दोन सेंटर बॅक, त्यांच्या पुढे एक-दोन मध्यरक्षक, चेंडू मिळायला आणि वळायला जागाच नाही. दुसरीकडे विंगरसुद्धा कडेची रेघ धरून पळायचं सोडून चेंडू घेऊन आत वळायला लागले. विंगर आत शिरला की त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू त्याच्यामागे आत ओढला जातो, आणि कडेची पट्टी रिकामी पडते. त्या रिकाम्या पट्टीत कोण येऊ शकतं? मागून धावत येणारा फुल बॅक. त्याला कोणी धरलेलं नसतं, तो आधीच वेगात असतो, आणि त्याच्यामागे परत पळणं हे समोरच्या विंगरच्या जिवावर येतं. या मागून पुढे निघून जाण्याला ओव्हरलॅप म्हणतात.

अर्थात याची किंमत असते. राइट बॅक पुढे गेला की त्याच्यामागची जागा मोकळी. चेंडू गेला आणि समोरच्याने तिथे लांब पास टाकला, तर गोलपर्यंत मैदान साफ. कबड्डीत कोपऱ्याने पकडीला झेप घेतली की कव्हरने त्याच क्षणी मागे धावायचं असतं, नाहीतर कोपरा एकटा सापडतो. इथेही तसंच. राइट बॅक निघाला की सेंटर बॅक थोडा उजवीकडे सरकतो आणि एक मध्यरक्षक मागे थांबतो. म्हणून चांगला राइट बॅक ओळखायचा असेल तर तो कधी जातो याइतकंच तो कधी जात नाही हे बघायचं.

आता पिश्चेककडे येऊ. आडनाव पोलिश भाषेत असंच म्हणतात, आणि नावातल्या ‘ल’वर आडवी रेघ असते, तिचा उच्चार ‘व’ होतो, म्हणून वुकाश. जन्म ३ जून १९८५चा, दक्षिण पोलंडमधल्या चेखोवित्से-जेजित्सेचा. वाढला शेजारच्या गोचाउकोवित्से-झ्द्रुय या गावात. ‘झ्द्रुय’ म्हणजे औषधी पाण्याचा झरा, तिथे लोक उपचारांसाठी जातात. विस्तुला नदीवर बांधलेला मोठा जलाशयही तिथलाच. गावच्या क्लबात खेळून मुलगा झाब्झे शहरातल्या ग्वारेक या क्लबात गेला. पोरं घडवण्यासाठी तो क्लब ओळखला जातो. ग्वारेक हा खाणकामगारासाठी जुना शब्द, कारण सगळा मुलूखच कोळशाचा.

या मुलाला बचावपटू करायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो आघाडीचा खेळाडू होता, गोल मारणारा. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या १९ वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव होतं. बर्लिनच्या हेर्टा क्लबने त्याला लगेच करारबद्ध केलं, पण थेट मैदानात न उतरवता पोलंडमधल्याच झाग्वेंब्ये लुबिनकडे उसनं दिलं. फुटबॉलमध्ये अशी उसनवारी नेहमीची आहे. मालक क्लब एक, खेळतो दुसऱ्याकडून, आणि अनुभव घेऊन परत येतो. लुबिन हे तांब्याच्या खाणींचं गाव. तिथे तो तीन वर्षं खेळला आणि २००७मध्ये लुबिनने पोलंडची साखळी जिंकली.

याच लुबिनच्या दिवसांतली एक गोष्ट त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना जड जाते, पण ती झाकून त्याची कारकीर्द सांगणं मला पटत नाही. २००६च्या हंगामातला शेवटचा सामना क्राकोव्हियाशी होता. बरोबरी झाली तर लुबिनला युरोपीय स्पर्धेत जागा मिळत होती. लुबिनच्या खेळाडूंनी आपसात पैसे गोळा करून निकाल आधीच ठरवून घेतला. पिश्चेकनेही वर्गणी दिली. त्या काळात पोलिश फुटबॉलला सामना-निश्चितीची कीड लागलेली होती. पुढे व्रोत्सवाफच्या सरकारी वकिलांनी शेकडो लोकांवर आरोप ठेवले. पिश्चेक स्वतःहून त्यांच्याकडे गेला आणि घडलं ते सांगितलं. २०११मध्ये त्याला एक वर्षाची स्थगित शिक्षा आणि दंड झाला. स्थगित म्हणजे तुरुंगात जावं लागत नाही, पण शिक्षा नोंदीवर राहते. तेव्हा तो जर्मनीचा विजेता झालेला होता आणि कारकीर्दीच्या ऐन भरात होता. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा ड्रेसिंग रूममध्ये सगळे देतायत म्हणून देतो, हे मला समजतं. बरोबर मात्र वाटत नाही, आणि तो स्वतःही ते बरोबर होतं असं म्हणाला नाही.

२००७मध्ये तो बर्लिनला आला. प्रशिक्षक होते स्विस लुसियाँ फाव्र. पहिली दोन वर्षं काही धड जमेना. आघाडीला गोल होईनात, बगलेत ठसा उमटेना, दुखापतींनी छळलं. आणि इथे फाव्रनी त्याला राइट बॅक केलं.

हा निर्णय ऐकायला शिक्षेसारखा वाटतो, पुढून मागे ढकलल्यासारखा. पण त्यामागचा विचार बघा. आघाडीच्या खेळाडूला एक गोष्ट उपजत कळते: गोलसमोर उभ्या असलेल्या माणसाला कसा चेंडू हवा असतो. आयुष्यभर तो तिथे उभा राहून वाट बघत आलेला असतो. क्रॉस थोडा मागे पडला की कसा जीव चडफडतो, बचावपटूच्या पाठीमागून नेमकं कधी सुटायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. असा माणूस कडेच्या पट्टीत मागून धावत आला तर तो चेंडू आंधळेपणाने गोलसमोरच्या पेटीत फेकत नाही, मान वर करून कोणीतरी शोधतो. शिवाय समोरच्या विंगरच्या डोक्यात काय चाललंय हेही त्याला ठाऊक, कारण कालपर्यंत तो स्वतः तेच करत होता.

शिकायचं होतं ते वेगळंच. आघाडीच्या खेळाडूची नजर पुढे असते. बचावपटूला एक डोळा चेंडूवर आणि दुसरा स्वतःच्या ओळीवर ठेवावा लागतो, कारण चौघांतला एक जरी दोन पावलं मागे राहिला तर ऑफसाइडची रेघ मोडते आणि समोरचा मोकळा सुटतो. अंग कुठल्या बाजूला वळवून उभं राहायचं, म्हणजे विंगरला आत न येऊ देता रेघेकडे ढकलता येईल, हे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. आणि सगळ्यात अवघड, घाई न करणं. आघाडीचा खेळाडू चेंडूवर झेपावला आणि चुकला तर फार तर एक संधी जाते. राइट बॅक झेपावला आणि चुकला तर गोल होतो.

२००९-१०चा हंगाम हेर्टासाठी फार वाईट गेला. फाव्र मध्येच गेले, संघ तळाला राहिला आणि दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्या बुडत्या संघात पिश्चेक मात्र राइट बॅक म्हणून पक्का झाला होता. आणि नेमका त्याचा करार संपला.

करार संपणं महत्त्वाचं का? पूर्वी युरोपात करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडून पैसे मागू शकत असे, आणि ते मिळाले नाहीत तर खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. जाँ-मार्क बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूने याविरुद्ध दावा लावला आणि डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर तिथल्या दुसऱ्या क्लबात मोकळेपणाने जाऊ शकतो. पोलंड २००४मध्ये युरोपीय संघात आलं होतं. त्यामुळे २०१०च्या उन्हाळ्यात बोरुसिया डॉर्टमंडने पिश्चेकला हेर्टाला एक पैसाही न देता घेतलं. त्या क्लबच्या आधुनिक इतिहासात याहून स्वस्त आणि याहून फायद्याचा सौदा शोधायला बराच वेळ लागेल.

डॉर्टमंड हे रूर खोऱ्यातलं शहर. तिथल्या कोळशाच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हजारो पोलिश मजूर गेले होते, तिथल्या कित्येक कुटुंबांची आडनावं आजही ते सांगतात. झाब्झेच्या कोळशातून डॉर्टमंडच्या कोळशात आलेला हा मुलगा तिथे उपरा वाटला नाही. संघात आणखी दोन पोलिश होते: २००७पासून तिथे असलेला याकुब ब्वाश्चिकोव्स्की, सगळे त्याला कुबा म्हणत, आणि पिश्चेकबरोबर त्याच उन्हाळ्यात आलेला रॉबर्ट लेवांडोव्स्की.

प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या खेळाचा गाभा असा: चेंडू गमावला की मागे पळायचं नाही, त्याच जागी, त्याच क्षणी झडप घालून परत मिळवायचा. नुकताच चेंडू मिळवलेला समोरचा संघ पांगलेला असतो, त्याची मांडणी व्हायची असते, तेव्हाच त्याला गाठायचं. याला गेगेनप्रेसिंग म्हणतात. या पद्धतीत पुढे गेलेला राइट बॅक चुकीच्या जागी सापडलेला नसतो. चेंडू गेला तर तो परत मिळवायला बरोब्बर जागेवर असतो. पिश्चेकसारख्या माणसाला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

उजव्या बाजूला कुबा आणि पिश्चेक यांची जी जोडी जमली ती मी पुन्हापुन्हा बघितली आहे. कुबा चेंडू घेऊन आत वळतो. समोरचा लेफ्ट बॅक त्याच्याबरोबर आत येतो. कुबा वर न बघताच बाहेर पास सरकवतो, कारण तिथे कोण येणार हे त्याला माहीत असतं. पिश्चेक पूर्ण वेगात गोलरेषेपर्यंत पोचतो आणि चेंडू हवेत न उडवता जमिनीवरून, किंचित मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास देतो. बचाव करणारे सगळे स्वतःच्या गोलकडे पळत असतात, चेंडू त्यांच्या पाठीमागे जातो. तिथे लेवांडोव्स्की. तिघेही एका भाषेत बोलणारे, तिघेही पोलंडच्या संघातही एकत्र.

२०१०-११मध्ये डॉर्टमंडने बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल साखळी, जिंकली. ३४ सामन्यांत त्यांच्यावर फक्त २२ गोल झाले, म्हणजे फुल बॅक पुढे जात असूनही बचाव सगळ्यात भक्कम. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद, ८१ गुणांसह, तेव्हाचा तो विक्रम. त्याच मे महिन्यात जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकला ५-२ हरवलं.

२०१२-१३मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत रेआल माद्रिद आलं. क्रिस्तियानो रोनाल्डो डाव्या बगलेतून खेळायचा, म्हणजे सरळ पिश्चेकच्या अंगावर. पहिला सामना डॉर्टमंडने ४-१ जिंकला, चारही गोल लेवांडोव्स्कीचे. दुसरा २-० हरूनही एकूण ४-३ने ते अंतिम सामन्यात पोचले. २५ मे २०१३, वेम्बली. समोर बायर्न, आणि पिश्चेकच्या बाजूला या वेळी फ्रँक रिबेरी. ८९व्या मिनिटाला आर्येन रोबेनने गोल केला आणि बायर्न २-१ जिंकलं.

त्या रात्री पिश्चेक दुखऱ्या खुब्यावर खेळत होता. कितीतरी आठवडे तो तसाच खेळत होता, आणि हंगाम संपल्याबरोबर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. परत यायला नोव्हेंबर उजाडला. खुबाच का, हे कळायला एक क्रॉस डोळ्यांसमोर आणा. माणूस पूर्ण वेगात सरळ धावतोय. डावा पाय जमिनीत रोवतो, सगळं वजन त्यावर, आणि कंबरेतून अंग फिरवून उजव्या पायाने चेंडू जवळजवळ काटकोनात मारतो. लगेच वळून साठ-सत्तर मीटर मागे धावतो. हे एका सामन्यात अनेकदा, वर्षात चाळीस-पन्नास सामने. रेघेवरून हे सगळं सहज दिसतं. ते सहज नसतं.

२०१४ची वॉर्सातली ती रात्र या शस्त्रक्रियेनंतरची आहे, हे मुद्दाम सांगतो.

पोलंडसाठी तो २००७पासून खेळला. २००८च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, त्याला ऐनवेळी बोलावणं आलं, कारण एक खेळाडू जखमी झाला होता. तो खेळाडू म्हणजे कुबा. पुढे २०१२ची मायदेशातली युरो दोघे एकत्र खेळले, आणि २०१६ची फ्रान्समधली युरो ही त्यांच्या जोडीची सगळ्यात सुंदर स्पर्धा ठरली. स्वित्झर्लंडला पेनल्टीवर हरवून पोलंड उपांत्यपूर्व फेरीत गेलं आणि तिथे पोर्तुगालकडून पेनल्टीवरच हरलं. हुकलेली एकमेव पेनल्टी कुबाची होती. २०१८च्या विश्वचषकानंतर पिश्चेकने राष्ट्रीय संघ सोडला. नोव्हेंबर २०१९मध्ये वॉर्सात स्लोव्हेनियाविरुद्ध त्याला निरोपाचा सामना दिला गेला, आणि तो धरून त्याचे आकडे ६६ सामने आणि ३ गोल असे झाले. पहिला अर्धा वेळ संपत आला तेव्हा तो बाहेर आला आणि सहकाऱ्यांनी दोन रांगा करून मधून त्याला वाट दिली.

तिशी ओलांडली की फुल बॅकचे पाय आधी सांगतात. बरेच जण इथे संपतात. पिश्चेकचं तसं झालं नाही, आणि यातही फाव्रच होते. २०१८मध्ये ते डॉर्टमंडचे प्रशिक्षक झाले. त्यांनी मागे तीन सेंटर बॅकची रचना आणली, उजव्या कडेची धाव तरण्या अश्रफ हकिमीकडे दिली आणि पिश्चेकला त्याच्या आतल्या बाजूला, तिघांतला उजवा म्हणून उभं केलं. तिथे पाय कमी आणि डोकं जास्त लागतं. पुढून कडेला आणि कडेवरून मध्ये, त्याची जागा दोनदा बदलणारा माणूस एकच.

२०२०-२१ हा शेवटचा हंगाम असणार हे ठरलेलं होतं. बराच काळ तो बाकावर होता. मग जर्मन कपच्या उपांत्य सामन्यात तरुण राइट बॅक मातेउ मोरेयच्या गुडघ्याला भयंकर दुखापत झाली. अंतिम सामन्यात, १३ मेला, ३५ वर्षांचा पिश्चेक पुन्हा आपल्या जुन्या जागेवर उभा राहिला. स्टेडियम बर्लिनचं, जिथे तो एकेकाळी हेर्टाकडून खेळायचा. कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या. डॉर्टमंडने लाइपझिगला ४-१ हरवलं. शिट्टी वाजल्यावर तो रडत होता आणि निम्म्या वयाची पोरं त्याला हवेत उडवत होती. त्याचा हा तिसरा जर्मन कप. अकरा वर्षांत डॉर्टमंडकडून तो ३८०हून अधिक सामने खेळला.

त्यानंतर तो घरी गेला, अक्षरशः घरी. गोचाउकोवित्सेच्या गावच्या क्लबात, पोलंडच्या ‘तिसऱ्या लीग’मध्ये. नावावर जाऊ नका. पोलंडमध्ये सगळ्यात वरच्या साखळीला एक्स्ट्राक्लासा म्हणतात आणि पहिली लीग त्याच्या खालून सुरू होते, त्यामुळे तिसरी लीग म्हणजे प्रत्यक्षात चौथी पायरी, तीही चार विभागांत वाटलेली. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळलेला माणूस तिथे आधी खेळाडू म्हणून उतरला, मग संघाला शिकवूही लागला. गावात त्याने मुलांसाठी अकादमीही उभी केली.

जून २०२४मध्ये डॉर्टमंडने त्याला परत बोलावलं, सहायक प्रशिक्षक म्हणून. मुख्य प्रशिक्षक नुरी शाहिन आणि दुसरा सहायक स्वेन बेंडर, दोघेही २०११च्या विजेत्या संघातले त्याचे सोबती. पण निकाल लागेनात. २१ जानेवारी २०२५ला बोलोन्यात संघ हरला, दुसऱ्या दिवशी शाहिनला काढलं गेलं, आणि पिश्चेकही त्याच्याबरोबर गेला.